भुरीचं दूध
अहो डॉक्टर, वाळलीय कसली? मागून बघा की जरा, दारातून धड आत शिरत नाही ती! अख्ख्या वाडीत विचारा, दमयंतीची मेंढी कशी गुबगुबीत. आमच्याकडे मेंढ्या पाळतं कोण, पावसात टिकत नाहीत म्हणतात — ही घाटावरच्या धनगराने लंगडते म्हणून टाकलेली, मी केली मोठी. खाते हो, सगळं खाते. फणसाचा पाला, कोंडा, उरलेली पेज — काय? लोकरीत हात घालून बघायचंय? कशाला उगाच, बुजते ती. बरं, घाला. भुरे, उभी राहा गो.

काय लागलं हाताला?

मी घालू हात? कुठे, इथे? — हे काय टोचतंय? कणा? अहो, मणका न् मणका लागतोय बोटाला, मांस कुठाय? आमच्या शेळ्यांची हाडं लांबून दिसतात डॉक्टर, नुसतं बघून कळतं, हात कोण लावून बघतंय. रोज हिच्यापाशी बसते दूध काढायला, पण कास सोडून वर हात गेला नाय कधी माझा.

आता पापणी कशाला ओढताय? पांढरी आहे — आतून लाल हवी, होय ना? जंत. रक्त पितात मेले, मागच्या खेपेलाच म्हणाला होतात. औषध? पाजलं की! तुम्ही दिलंत त्याच दिवशी पाजलं. बाटली कशाला हवीय आता, टाकली असेल कुठेतरी — त्या फळीवर नाय हो, तिथे हात घालू नका — हां. तीच. झाकण उघडलेलं नाय.

मग काय करू? तुम्हीच म्हणालात ना, औषध पाजलं की इतके दिवस दूध कुणाला द्यायचं नाही! ईशाने काय प्यायचं? नात माझी, ती काय तुमच्या गाडीपाशी उभी आहे. दुसऱ्या दुधाने पुरळ उठतं तिला, म्हणून तर सून माझी, करुणा, पोरीला इथे ठेवून मुंबईत राहते. भुरीचं दूध बंद झालं म्हटलं की येईल आणि घेऊन जाईल पोरीला. पिशवीचं? नाय चालत म्हटलं ना तिला! — हो, बासुंदी खाल्लंन परवा, शेजारच्या संस्कृतीच्या वाढदिवसाला. दोन वाट्या. नाय, उठलं नाय काही. असं बघू नका हो माझ्याकडे! पुरळ उठलं होतं, खरंच उठलं होतं, गेल्या वर्षी, एकदा. मग थांबलं. थांबलं ते मी करुणाला कळवलंच नाय. ही पोर गेली की घर खायला उठतं डॉक्टर, दिवसभर बोलायचं कुणाशी, मेंढीशी?

वाचेल ना? — आता पाजूनही सांगता येत नाही?

ओता. मी तोंड धरते. गिळ गो भुरे, गिळ, माझ्यावर राग धरू नको. गिळलंन.

ईशा, बाय, ते भांडं ठेव खाली, आज दूध काढायचं नाय. आईला फोन लाव. नाय, तू नको बोलू, मला दे.

तुम्ही निघा डॉक्टर. हे मी तुमच्यासमोर नाय बोलणार.