गाडीत जागा होती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचेही अध्यक्ष आदरणीय सुंदररावजी, मुख्याध्यापक रामेश्वर सर, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांच्या डब्यातली भाकर मी तेवीस वर्षं हक्कानं खाल्ली ते माझे सहकारी, पालकहो, आणि एप्रिलच्या या उकाड्यात पत्र्याखाली शहाण्यासारखे बसलेले माझे विद्यार्थी,

आपण माझा सत्कार केलात. शाल दिलीत, नारळ दिलात, माझी पत्नी सत्यशीला हिलाही मानानं वर बोलावून साडी-चोळी दिलीत. आपले उपकार मी विसरणार नाही.

सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडमनी माझा परिचय करून देताना एक वाक्य वाचलं. "अंगद सरांनी स्वतःच्या गाडीतून वस्तीवरच्या मुलींना शाळेत आणलं." अध्यक्षसाहेबांनीही आपल्या भाषणात त्याचा गौरव केला. टाळ्या झाल्या. मीही हात जोडले. पण त्या वाक्याचा पुढचा भाग कुणी वाचला नाही. तो मी सांगितला तर चालेल ना, साहेब?

सात वर्षांपूर्वी मी ती गाडी घेतली तेव्हा ती सव्वादोन लाख किलोमीटर पळालेली होती. मी तिचा चौथा मालक. बॉनेटचा रंग उडालेला, मागचं एक दार आतून उघडत नव्हतं. स्टाफरूममध्ये आपण किती हसलात! कुणी म्हणालं, "सर, भंगारवाला येऊन गेला, गाडी कुणाची इचारत होता." मला राग नव्हता. कंबरेच्या दुखण्यानं मोटारसायकल सुटली होती, आणि घाटनांदूरहून रोज शाळेत यायला चार चाकं हवी होती. नवी घेण्याची ऐपत नव्हती. एवढं साधं होतं ते.

जुनी गाडी रोज चालवायची म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच कळेल. सकाळी किल्ली फिरवण्याआधी बॉनेट उघडायचं. ऑइल किती प्यायली ते काडी काढून बघायचं. रेडिएटरमध्ये पाणी. टायरला लाथ. घाटनांदूरचा आमचा म्हाळू मिस्त्री म्हणायचा, "सर, हिचं इंजिन लई चांगलं हाय, पर हिला रोज इचारावं लागतंय, बाई कशी हायेस म्हणून." तो इमानदार माणूस. नवा भाग टाकायचा तिथं नवाच टाकायचा, आणि तारेनं भागत असेल तर तारेनंच भागवायचा.

वस्तीकडचा रस्ता उखडला आणि तिकडची बस बंद झाली, त्या जूनमधली गोष्ट. आठवीतल्या चार मुली मला वाटेत चालताना दिसल्या. शाळा सहा किलोमीटर. मी गाडी थांबवली. करिष्मानं विचारलं, "सर, बसू का? चपला चिखलाच्या हायेत." मी म्हणालो, बस, गाडी त्याहून वाईट आहे. दुसऱ्या दिवशी चौघी आधीच फाट्यावर उभ्या होत्या.

सव्वा वर्ष ते चाललं. त्यांचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे. मुली आजीपाशी राहायच्या, कारण शाळा चालू होती आणि शाळेत न्यायला गाडी होती. करिष्मा पुढच्या सीटवर बसायची आणि तिचं सगळं लक्ष त्या तापमानाच्या काट्यावर. चढ लागला की म्हणायची, "सर, चढायलाय काटा. थांबवा." मी थांबवायचो. ती बाटली घेऊन उतरायची, फडकं गुंडाळून झाकण हळूच सैल करायची, वाफ जाऊ द्यायची. मी शिकवलेलं विज्ञान इतक्या मन लावून कुणी वापरलेलं मी पाहिलं नाही. एकदा म्हणाली, "मी मोठी झाल्यावर गाड्या दुरुस्त करायचं शिकणार हाय. आमच्यात कावून न्हाई शिकत पोरी?"

नववीच्या वर्षी, सप्टेंबरात, चढाआधी गाडी बंद पडली आणि सेल्फ लागेना. मुली नेहमीसारख्या उतरल्या आणि हसत हसत धक्का द्यायला लागल्या. मोटारसायकलवरच्या एकानं मोबाइलवर व्हिडिओ काढला. हसण्याचा आवाज त्यानं काढून टाकला आणि खाली लिहिलं, "गुरुजी विद्यार्थिनींकडून गाडी ढकलून घेतात." दुपारपर्यंत तो तालुकाभर फिरला.

तिसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. रामेश्वर सर, आपण होतात. अध्यक्षसाहेब, आपणही होतात. एक कागद तयार होता. यापुढे मी कोणत्याही विद्यार्थिनीला माझ्या वाहनातून आणणार नाही, असं त्यावर लिहिलेलं.

मी म्हणालो, "साहेब, मग त्या येणार कशा?"

साहेब म्हणाले, "बघू ना सर, पुढच्या महिन्यात काहीतरी सोय करू. उद्या गाडी खड्ड्यात गेली तर संस्थेचं नाव जाईल."

त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. गाडी खरंच म्हातारी होती. मुलींना धक्का द्यायला लावायला नको होतं, हेही मान्य. पण अध्यक्षसाहेबांची नवी गाडी रोज सकाळी त्याच फाट्यावरून मळ्यात जाते. सात माणसं बसतील एवढी मोठी. आत ड्रायव्हर आणि साहेब. मी त्या दिवशी तेवढंच बोलायला हवं होतं. बोललो नाही. नोकरीची अडीच वर्षं राहिली होती. चौकशी लागली, पेन्शनची फाइल अडकली, तर? मी मुकाट्यानं सही केली. तो पुढचा महिना अजून उगवायचा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर चौघी उभ्या होत्या. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मीही नाही. करिष्मानं हात वर केला. मी काच वर करून घेतली, समोर बघितलं, आणि गाडी पुढं काढली. सांगायचं तरी काय होतं? थांबून सांगायची माझी हिंमत झाली नाही.

त्या चालत यायला लागल्या. आधी रोज, मग दिवसाआड. दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरीत चौघींच्या नावापुढं गैरहजर, म्हणून मी वस्तीवर गेलो. करिष्माची आजी छबुबाई तेवढी घरी होती. म्हणाली, "पोरगी मायबापासंगं गेली कारखान्यावर. सर, वाटंनं पोरं गाडी आडवी घालायलते. तुमी होता म्हणून धाडत होते. आता कोणाच्या भरवशावर ठिवू?"

वर्षाराणी दिंद्रुडला मामाकडं गेली, तिची शाळा टिकली. बाकी तिघींची नावं आपल्या हजेरीपटावरून गेली. करिष्माचं गेल्या वर्षी लग्न लावलं. सोळाव्या वर्षी. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तिचा यंदा पहिला कोयता होता. लग्नाचं मला नंतर कळलं, असं मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे मी विचारायलाच गेलो नव्हतो.

गेल्या महिन्यात ऊसतोड संपवून माणसं परत आली, तेव्हा ती मला बाजारात भेटली. सासरही तिचं वस्तीवरच. तळहाताला पट्ट्या बांधलेल्या. वाकून नमस्कार केला, सत्यशीलाची खुशाली विचारली. मग हळूच म्हणाली, "सर, एक इचारू? त्या दिवशी फाट्यावर आमी उभ्या होतो. तुमी आमाला बघितलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही गं. माझं लक्ष नव्हतं."

तिचा चेहरा खुलला. म्हणाली, "मला वाटलंच. मी ह्यांना सांगत होते, सरांनी बघितलं असतं तर थांबलेच असते."

मंडळी, मी बघितलं होतं.

आपण माझं एवढं कौतुक केलंत, आपला वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. बोलताना कुणाचा मान राखला गेला नसेल, चार शब्द जास्त गेले असतील, तर मोठ्या मनानं पोटात घाला. बाकी जी माफी मागायची आहे ती या मांडवात मागून उपयोग नाही. त्यासाठी मला वस्तीवर जावं लागेल, आणि समारंभ संपला की मी तिकडंच निघालोय. जेवणासाठी माझी वाट बघू नका.