राज्यपालांचे कागद आणि काकूंचं प्लास्टिक

हसाल तुम्ही, पण माझ्यावर भलताच प्रसंग आला होता यार. जुनी कागदपत्रं जपायचं माझं काम तुम्हाला माहितीये. तर मुलुंडला एका माजी राज्यपालांच्या घरी गेलो. साहेब वारले, म्हणून त्यांच्या पत्नीने त्यांचे सगळे खासगी आणि राजकीय कागद आमच्या संस्थेला द्यायचं कबूल केलेलं.

काकूंनी कपाट उघडलं आणि मी बघतच राहिलो. एकूण एक कागद लॅमिनेट केलेला! आपण रेशनकार्ड करतो ना, तसा चकचकीत.

"काकू, हे काय केलंत?"

"स्टेशनसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून करून घेतलं. आता पाणी सांडलं तरी चिंता नाही."

वाट लागली! ते प्लास्टिक एकदा चिकटलं की निघत नाही. ओढलं तर कागदासकट फाटतं. म्हटलं, जाऊ दे, निदान वाचता तरी येतंय. एक उचलला, तर जाड लागला. आत दोन कागद, पाठीला पाठ लावून; दोघांच्या मागच्या बाजू आतच बंद.

"काकू, मागची बाजू कोरीच होती ना?"

"छे! पुढे मंत्र्याला धाडलेल्या पत्राची प्रत असायची आणि मागे त्याच मंत्र्याबद्दल ह्यांचं खरं मत. सवयच होती तशी."

मी तो कागद उजेडाला धरून पाहिला. "अहो काकू, आम्हाला तेच तर हवं होतं!"

"ठाऊक आहे मला," काकू शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तर लॅमिनेट केलं. साखर किती घालू चहात?"