दाताची चिठ्ठी

नव्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात भिंतींचा रंग अजून ओला होता; त्या दुष्काळात ओलं म्हणावं असं तेवढंच. चिठ्ठीच्या रांगेत माझ्यापुढे एक मावशी नवऱ्याचा हात धरून उभ्या होत्या. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं,

“नाव?”

“शेषेराव. हे आमचे मालक.”

“काय दुखतंय?”

“दुखत काय न्हाई. बैलं छावणीत सोडून आल्यापासून तीन महिने झाले, बोलत न्हाईत, झोपत न्हाईत. कोरड्या आडात बघत बसतेत. मला भ्या वाटतंय.”

“मावशी, इथं हाड, डोळे, पोट अन् दात. मनाचा डॉक्टर न्हाई.”

“मग पोट लिहा.”

“पोटवाले गोळी देऊन लावून देतेत. दात लिहितो.”

“यांना एकबी दात न्हाई.”

“चालतंय. दाताच्या डॉक्टरची खुर्चीच अजून आली न्हाई. माणसं बोलतेत, डॉक्टर दिवसभर ऐकत बसतेत.”

“तिथं तर लई रांग हाय.”

“हाव. पण दात दुखणारा त्यात कुणी न्हाई.”

“बरं, लिहा.”

“अन् तुमची तब्येत, मावशी?”

“मला काय झालंय? तीन महिने घरात माझ्यासंगं कुणी बोललं न्हाई, एवढंच.”

“नाव सांगा. तुमचीबी चिठ्ठी काढतो. दोघं संगंच आत जा.”