बिनबांगडीचा हात

कुणासाठी म्हणून कावून इच्यारता, आसारामभाऊ? आष्टीच्या भाचीसाठी म्हणलं की — तिचं मनगट आमच्या सुनेएवढंच हाय, शिवकन्येच्या मापाच्या द्या सहा. हिरव्याच. न्हाई, भाची हितं न्हाई. ठाव हाय मला, कासार हातात भरल्याबिगर बांगडी देत न्हाई, माझ्या सासूपासनं तुमच्याच घरच्या बांगड्या भरत आलो आमी — पर एकडाव सुट्या दिल्या तर काय बिघडतंय?

आसं बघू नका. बरं, भाची न्हाई. बसा, तिथंच उंबऱ्याबाहीर बसा, सावली हाय. आत रडतंय ते ऐकू येतंय न्हवं? माझ्या उत्तरेश्वराचं लेकरू. लेक मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला, तुमी आलता की मातीला — सुनेच्या बांगड्या फोडल्या, आन् तवापासनं ह्यो निजंना की पिईना. कावून? मी सांगते कावून. जन्मल्यापासनं ती थापटायची ते बांगड्या वाजत. त्या आवाजानंच डोळे मिटायचा, त्या आवाजानंच पदराखाली तोंड खुपसायचा. आता थापटती तर टक लावून बघतंय, ही कोण बाई म्हणून. तिकडं ह्याच्या रडण्यानं तिचं दूध आपसूक वाहतंय, चोळी भिजती, आन् ह्यो तोंड फिरवतो. ते ऐकून माझ्या छातीत बी कळ येती, ह्या वयात. हकीम म्हणला ताप हाय. ताप न्हाई हो — रडून रडून अंग तापतं लेकराचं.

शेजारची मंजुळा आलती एकदा. तिनं थापटलं, बांगड्या किणकिणल्या — आन् काय सांगू, मुठी सैल सोडल्या त्यानं, गप निजला. तर तिच्या सासूनं दुसऱ्या दिशी दारच लावून घेतलं, सवाष्णीनं त्या घरात बसू नये म्हणं. मी फुटक्या काचा फडक्यात बांधून हालवल्या, तांब्यावर पळी वाजवली — फसत न्हाई ते. माझ्याच हातात भरा म्हणलं आसतं, पर मी बी तसलीच, कपाळ पांढरं.

शिवकन्या जगासमोर घालणार न्हाई. दार लावून, त्याच्या निजेपुरत्या. कुणाला कळलंच तर माझं नाव सांगा — भावकी वाळीत टाकंल, टाकू द्या, माझं काय ऱ्हायलंय आता? तुमाला बी लेकरं हायती, भाऊ. आसं, सोडा गाठोडं. लई उपकार झाले. त्या बारक्या काढा, त्या चांगल्या वाजत्यात —

थांबा. रडायचं थांबलं बघा. निजला जणू. आपसूक निजला, आन् मी उगंच तुमाला — शिवकन्ये, निजला का गं? पिला का?

शिवकन्ये? आगं, त्याला आसं गदागदा हालवतीस कावून?

आसारामभाऊ, गाठोडं बांधा. जावा तुमी.