राजूबाईच्या मांडीवरचा डबा

सुशीला : पुन्हा खाली गेलं बगा पेटीतलं पाणी. बोटभर तरी.

व्यंकट : ह्या उन्हात आटणारच. तो तांब्या दे इकडं, आडाचं गोडं पाणी घालतो.

सुशीला : गोडं? समुद्राच्या माशाला?

व्यंकट : वाफ पाण्याची होतीय, मिठाची न्हाई. मीठ आतच राहतंय. मागं मी आटलेल्या जागी खारं पाणीच घालत बसलो आणि तो पट्ट्यापट्ट्याचा मासा उलटा झाला. कुणी शिकवायला हाय का इथं? चुकत चुकत शिकायलो.

सुशीला : चुकायलाव तुमी, मरायलेत ते.

व्यंकट : टोमणे मार, पण हळू. पुढं दुकानात गिऱ्हाईक असंल.

सुशीला : दुकान सकाळधरनं रिकामं हाय. गावात कुणाचा रेडिओच बिघडंना.

व्यंकट : म्हणून तर ही पेटी. दुकानात पुढं ठेवली की हायवेवरच्या गाड्या थांबतील. हैदराबादेत त्या डॉक्टरच्या दवाखान्यात अशीच होती, लोक दुखणं विसरून बघत बसायचे. मी पण बसलो. माझा नंबर आला तरी उठलो न्हाई. त्याची विलायती होती, आपली खिडकीच्या काचंची, फटीत लांबी भरून बसवलेली. पण आत समुद्र तोच की. पंप मी घरी वाइंडिंग करून बनवलाय. करंट गेला तर लॉरीची ट्यूब हाय हवा भरलेली, सलाइनच्या नळीनं जरा जरा हवा सोडती. एवढ्याशा पैशात कोण करतंय हे?

सुशीला : मग ठेवा की पुढं. मागच्या खोलीत चादर टाकून कामून ठेवलाव?

व्यंकट : ठेवू. लोक गोकर्णाची यात्रा विसरू देत जरा.

सुशीला : लोक कुठं विसरायलेत. सकाळी आडावर वीरभद्रप्पा पुजारी मलाच इचारत होते, महादेवाचा अभिषेक कवा हाय म्हणून.

व्यंकट : काय म्हणलीस?

सुशीला : श्रावणी सोमवारी म्हणले. तुमीच शिकवलाव तसं.

व्यंकट : श्रावण लांब हाय. तवर विसरतील.

सुशीला : तुमाला कसं सुचलं हो ते? महादेवाचं नाव घ्यायचं?

व्यंकट : मग काय करायचं होतं? जगदेवप्पाची बस, यात्रेची. मासे हायेत म्हणलो असतो तर डब्यांसकट मला घाटात उतरवला असता त्यानं. वेगळी गाडी करून आणायची ऐपत हाय आपली? अभिषेकाचं तीर्थ म्हणलो म्हून डबे चढले.

सुशीला : चढले, आणि एक राजूमावशीच्या मांडीवर बसला.

व्यंकट : तिनंच मागून घेतला. मी काय दिला न्हाई.

सुशीला : न्हाई, तुमी नुसते बघत बसलाव.

राजूबाई : सुशीला. अगं सुशीला, हाईस का घरात?

सुशीला : तीच आली. चादर टाका आधी. या मावशी, या. बसा अशा ओट्यावर.

राजूबाई : बसायला वेळ न्हाई बाई. व्यंकट हाय का? व्यंकट, आमच्या ह्यांचं काही खरं न्हाई रे आता. कालपासून पेज पण घशाखाली उतरंना. डॉक्टर बघून गेला, म्हणला घरीच असू द्या. सकाळी डोळे उघडले आणि मला म्हणाले, गोकर्णाचं पाणी आणलीस न्हवं, ते घाल तोंडात.

व्यंकट : मग, तुमी आणला होता की एक तांब्या भरून.

राजूबाई : तो कुठं राहिला. घाटात तुझा डबा हिंदकळला, झाकणातनं पाणी सांडलं, माझं सगळं लुगडं भिजलं. म्हणलं देवाचं कमी पडू नये, आपलं काय. अंधारातच झाकण किलकिलं करून माझा तांब्या तुझ्या डब्यात ओतला. गावात अभिषेक झाला की मिळंल चमचाभर ह्यांच्यापुरतं, असा हिशेब केला मी. पण ह्यांना श्रावण दिसंल असं वाटंना. वीरभद्रप्पाला इचारून आले. अभिषेकाच्या आधी काढलं तर चालंल का, म्हणलं. ते म्हणले, जाणाऱ्या माणसाचा हक्क पहिला. तवा घाल बाबा, चमचाभर घाल.

व्यंकट : आणतो मावशी. तुमी बसा. आत हाय ते. आणतो.

सुशीला : काय करायलाव?

व्यंकट : हळू बोल. त्या मडक्यातलं पाणी दे. आणि मिठाची बरणी.

सुशीला : कशाला?

व्यंकट : चिमूटभर टाकतो. स्वच्छ पाणी हाय, आपण पितो तेच. पेटीतलं कसं देऊ? माशांचा मळ हाय त्यात, काल टाकलेली सुकट अजून तळाशी पडलीय.

सुशीला : मरणाऱ्या माणसाच्या तोंडात खोटं घालायलाव तुमी.

व्यंकट : एक चमचा गं. अप्पांना समाधान, मावशीला समाधान.

सुशीला : आणि तुमाला सुटका.

व्यंकट : तू लई शहाणी. बसमध्ये तू पण गप्पच बसलीस. डबा खडबडला तवा तोंडाला पदर लावून हसलीस.

सुशीला : हसले. त्या दिवसापासून तेच खायलंय मला. टाकलाव न्हवं मीठ? द्या ती बरणी इकडं.

राजूबाई : काय कुजबुजायलाव रे दोघं? उशीर व्हायलाय. आणि ह्या चादरीखाली काय बुडबुडायलंय?

व्यंकट : मावशी, तुमी आत कशाला आलाव.

सुशीला : सांगा. न्हाईतर मी सांगते.

व्यंकट : तीर्थच हाय, मावशी. म्हणजे गोकर्णाचंच पाणी. थांबा, चादर काढतो.

राजूबाई : हे तर मासे हायेत.

व्यंकट : व्हय.

राजूबाई : जिते हायेत. तीर्थात मासे कुणी सोडले?

व्यंकट : सोडले न्हाईत. पाणी आणलं तेच ह्यांच्यासाठी. गोकर्णाला खडकात डबकी असतात, भरती ओसरली की हे त्यात अडकून बसतात. तुमी सगळे दर्शनाच्या रांगेत होताव तवा मी धरले. अभिषेकाचं खोटं बोललो मी. बस मिळावी म्हणून.

राजूबाई : माझ्या मांडीवरच्या डब्यात काय होतं?

व्यंकट : हेच होते.

राजूबाई : म्हणजे ते आत हलत होतं, ते.

व्यंकट : मासे होते, मावशी.

राजूबाई : मी म्हणले देव हलायलाय. झोपलेल्यांना हलवून उठवलं मी. माझं ऐकून जगदेवप्पानं गाडी बाजूला घेतली, नारळ फोडला. सगळ्या बसनं त्या डब्याला हात जोडले. तू पण जोडलास रे.

व्यंकट : जोडले.

राजूबाई : कामून?

व्यंकट : न जोडून कसं चाललं असतं.

राजूबाई : आणि गाडी थांबली की सायकलचा पंप काढून डब्यात हवा मारत होतास. तीर्थ कोंडू नये म्हणत होतास. मी बाकीच्यांना गप्प करत होते, देवाचं काम चाललंय म्हणून.

व्यंकट : ते मासे गुदमरू नयेत म्हणून होतं.

राजूबाई : नागूबाईची सून माझ्या शेजारी बसलेली. घाट चढून आलो आणि पोरीला कावळा शिवला. मला हळूच सांगितलं बिचारीनं, आणि मी तिला उठवलं. तीर्थाजवळ नको म्हणलं, मागं जा. मागच्या चाकावरच्या सीटवर हादरे खात आली ती गावापर्यंत. वांत्या करत आली. मी वळून पण बघितलं न्हाई. ह्या माशांसाठी.

सुशीला : मावशी, पाणी पिता का जरा?

राजूबाई : नको. लाज वाटायली गं मला. ह्याला वाटत असंल न्हाईतर नसंल, मला वाटायली. एवढं वय झालं, आणि कशासाठी कुणाला उठवायले एवढं कळलं न्हाई.

व्यंकट : तुमची काय चूक, मावशी. मीच लबाडी केली.

राजूबाई : माझी चूक किती ते मला ठाऊक. तू तुझी बघ. माझा तांब्या ह्यातच हाय न्हवं?

व्यंकट : ह्यातच. पण ह्यात आडाचं पण पडलंय. कमी पडलं तवा खडेमीठ विरघळवून घातलं. आता तुमचं वेगळं कसं काढू?

राजूबाई : आणि तुझ्या हातात काय हाय ते?

सुशीला : सांगा की.

व्यंकट : मडक्यातलं पाणी. मीठ टाकलेलं. हेच देणार होतो तुमाला.

राजूबाई : मला देणार होतास.

व्यंकट : व्हय.

राजूबाई : ओत ते मोरीत. ह्या पेटीतलं काढ, वरवरचं, माशांना न हलवता. पदरातनं गाळून घेते मी. काही का असंना, गोकर्णाचा थेंब तर हाय त्यात. आणि तांब्या तूच धर. माझ्या हातानं ते आता हुईना. चल.

(राजूबाईचं घर. बाजेवर तिचा नवरा श्रीपतराव. बाजेजवळ व्यंकट तांब्या घेऊन बसलेला, शेजारी राजूबाई. सुशीला दाराशी.)

श्रीपतराव : कोण हाय?

राजूबाई : व्यंकट हाय, रेडिओवाला. पाणी घेऊन आलाय. तोंड उघडा जरा. दे रे, चमच्यानं दे. थोडं थोडं. घाई करू नको.

श्रीपतराव : खारट हाय.

राजूबाई : समुद्राचं म्हणजे खारटच की.

श्रीपतराव : मला वाटलं, ही आडाचं देऊन फसवंल मला. समाधानासाठी. हे खरं हाय.

राजूबाई : पडा आता. बोलू नका.

श्रीपतराव : व्यंकट, हात दे रे तुझा. एवढ्या लांबून आणलास. माझा पोरगा पुण्यात बसलाय, त्याला यायला सवड न्हाई. तू आणलास.

व्यंकट : अप्पा, हात सोडा. असं कपाळाला लावू नका. मला काही सांगायचंय तुमाला.

श्रीपतराव : सांग की बाबा.

राजूबाई : व्यंकट, बाहेर ये जरा.

व्यंकट : सांगू द्या मावशी.

राजूबाई : बाहेर ये म्हणले. सुशीला, तू बस ह्यांच्याजवळ. अंगावरचं नीट कर त्यांच्या. ये तू इकडं, अंगणात.

व्यंकट : मला सोसंना, मावशी. त्यांनी माझा हात कपाळाला लावला. एकदा सांगून टाकू द्या मला. मग काय बोलायचं ते बोलू देत.

राजूबाई : सांगितलास तर तू हलका होशील. त्यांनी काय करायचं ते घेऊन? त्यांनी गिळलंय आता.

व्यंकट : मग मी काय करू?

राजूबाई : जे मागं राहणार हायेत त्यांना सांग. बसमध्ये होते त्यांना. दारोदार जा आणि तुझ्या तोंडानं सांग. मासे पाळ न्हाईतर सोडून दे, त्याचं मला काही न्हाई.

व्यंकट : गावात तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई. दुकानात कोण पाऊल टाकंल मग?

राजूबाई : न्हाई टाकणार. काही दिवस मी पण न्हाई टाकणार, खोटं कशाला बोलू.

व्यंकट : कुणापासून सुरू करू?

राजूबाई : नागूबाईच्या सुनेपासून. ते काय समोर घर. ह्या वेळेला निवडत बसलेली असती ओसरीत.

व्यंकट : तिच्यापुढं मी एकटा कसा उभा राहू, मावशी?

राजूबाई : एकटा कशाला. मी येते की. तिला उठवली ती मीच.