शंभराच्या आत

खिसे! अहो, खिसे! माणसाच्या पँटला मांडीवर खिसे असले तर कुणाच्या पोटात दुखायचं काय कारण? पण नाही! गोल्फ क्लबच्या काउंटरवरचा तो लोणकढ्या तुपासारख्या आवाजाचा माणूस, माझ्याकडे नाही, सरळ माझ्या मांडीकडे बघत म्हणतो, "सर, क्षमा असावी हं... पण असे खिसे आमच्याकडे चालत नाहीत." चालत नाहीत म्हणजे? मी चालणार आहे की खिसे चालणार आहेत? शेवटी त्यांच्याच दुकानातली पँट घ्यायला लावली. गुलाबी! माझ्या मापाची नव्हतीच, चांगली चार बोटं लांब, आणि दुमडली तर पुन्हा, "सर, क्षमा असावी, दुमडलेली चालत नाही." आणि ही म्हणे सुट्टी!

तुम्हाला सांगतो, मी साधा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. अकरा वर्षं दर रविवारी आमच्या कारखान्यामागच्या खडबडीत मैदानावर गोल्फ खेळतोय. अठरा होल, चेंडू कमीत कमी फटक्यांत आत घालायचा, जितके कमी तितकं चांगलं, एवढंच ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. तर अकरा वर्षांत एकदाही मी शंभराच्या आत आलो नाही. एकशे तीन, एकशे सात, एकदा तर एकशे एकतीस, त्या दिवशी घरी कुणाशी बोललो नाही. म्हटलं, आयुष्यात एकदा या नामांकित मैदानावर खेळायचं आणि नव्याण्णव करून दाखवायचे. नव्याण्णव! फार मागतोय का मी?

तर म्हणे फटक्यांचं कार्ड स्वतः लिहायचं नाही, दुसऱ्याने मोजून लिहायचं. दुसरं कोण असणार? आमची ही! हॉटेलच्या बाल्कनीत पुस्तक घेऊन मस्त बसली होती, तिला उठवून आणलं. आता आमची ही म्हणजे इस्पितळाच्या औषधांच्या खिडकीत तीस वर्षं गोळ्या मोजतेय. एक कमी नाही, एक जास्त नाही. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं हो!

आणि खेळू देतील तर शपथ! मागे बॅटरीच्या गाडीतून क्लबचा एक गृहस्थ, मी त्याचं नाव घड्याळमास्तर ठेवलं. जरा वाकून चेंडू बघायला जावं की आलाच! "सर, थोडं भरभर... सर, सहा मिनिटं मागे आहात..." अरे बाबा, मी काय रेल्वे आहे का? आयुष्यभर बंद पडलेल्या लिफ्टमधली माणसं अशीच आतून ओरडत आली, "लवकर! लवकर!" आणि इथेही तेच. आणि ही म्हणे सुट्टी!

सहाव्या होलवर, तळ्याशेजारी, मागून मास्तर, "सर, भरभर..." मी घाईत काठी उचलली, पाय त्या गुलाबी पँटच्या लांब पायात अडकला आणि काठी नुसती हवेत फिरली! चेंडू जागच्या जागी. इकडे तिकडे बघितलं, मास्तर घड्याळात डोकं घालून, ही थर्मासचं झाकण उघडतेय. कुणी पाहिलं नाही. म्हटलं, सराव!

...आणि मग काय खेळलो म्हणता! सतरा होल संपले तेव्हा मनातल्या मनात त्र्याण्णव. शेवटच्याला सहा. सहाव्या फटक्याला चेंडू घरंगळत, घरंगळत... पडला! आत! मी टोपी उडवली, गुलाबी पँटसकट उडी मारली, "नव्याण्णव!"

"शंभर," ही म्हणाली.

"नव्याण्णव!"

"सहाव्या होलवर तळ्याजवळ एक हवेत मारलात ना?"

"तो सराव होता!"

"सराव करताना 'आई गं, मेलो' असं ओरडतात?"

गेलो तरातरा काउंटरवर. लोणकढ्याला म्हटलं, तुम्हीच सांगा! तो म्हणतो, "सर, मारायच्या इराद्याने काठी फिरवली असेल तर तो फटका. इरादा होता का, ते तुम्हीच सांगायचं. आमच्याकडे पंच नसतो." खिशाला पहारा, पँटच्या घडीला पहारा, आणि इथे पंच नाही! मी हिच्याकडे बघितलं. भांडली असती ना, तर शेवटपर्यंत लढलो असतो. पण ही पेन उघडून शांतपणे म्हणते, "तुम्ही सांगाल ते लिहिते."

संपलं! तीस वर्षांत जिने एक गोळी इकडची तिकडे केली नाही, तिच्या हातून खोटं लिहून घेऊ? अकरा वर्षं, सांगतो, अकरा वर्षं त्या काउंटरवर ठेवली. म्हटलं, "इरादा होता. लिही." आणि तिने लिहिलं, शंभर, अगदी सुंदर अक्षरात. रडू येत होतं हो मला, खोटं कशाला बोलू?

आणि ही म्हणे... थांबा, अजून आहे! हिने कार्डाचा फोटो माहेरी पाठवला. खोलीवर येऊन ती पँट काढतोय तोवर मेहुण्याचा फोन. "भावोजी! शंभर! अहो, पूर्ण शंभर! आमच्या घरात कुणाला कशातच शंभर मिळाले नव्हते! आई तर शेजाऱ्यांना दाखवत सुटलीय!" मी म्हटलं, अहो, ह्यात कमी ते चांगलं... तर म्हणतो, "बघा, नम्रपणा बघा! कसं जमवलंत हो?"

काय सांगणार कपाळ! गुलाबी पँट हातात घेऊन पलंगावर बसलो, हिच्याकडे बघितलं, आणि म्हटलं, "सगळं तुमच्या ताईमुळे."