टांगलेला पटका

(लढाईच्या दिवसांतली एक दुपार. सांगलीकडचं एक रेल्वे यार्ड. नळापाशी चंद्राबाई धुणं घासते आहे. शंटिंगचा जमादार केरबा पाणी प्यायला आला आहे.)

चंद्राबाई : ...आन् ह्यो वंगनाचा डाग काय निघंना बगा, केरबामामा. दोनदा राख लावली.

केरबा : राखंनं न्हाई निघायचा त्यो. चार दिस झालं तुला कोरेगावास्नं येऊन, शिकशील हळूहळू. आकारामला भाकरी पोचली?

चंद्राबाई : कुटं पोचतीया. घिऊन आले तर ह्यांचा पत्ता न्हाई. हळदीच्या मालडब्याला पटका तेवडा लोंबत व्हता.

केरबा : कुटला पटका?

चंद्राबाई : ह्योच की, घासतीया त्यो. लग्नात माज्या बानं बांदल्याला. जित्त्या मानसाचा पटका आसा लोंबता ठिवत्यात व्हय, मामा? अभद्र दिसतं. बगनारा म्हनंल, ह्या घरात कायतरी झालं. म्हनून काढून आनला.

केरबा : तू काढलास? कवा?

चंद्राबाई : आत्ताच. बादली भरली आन् ह्यो घासला, तेवडाच येळ.

केरबा : आगं पोरी, त्यो डब्यांच्या मधी हाय. वाकून हुक जोडतोय. आत शिरायच्या आदी पटका भाईर टांगायचा, आन् पटका दिसतोय तवर डायवरनं इंजान हलवायचं न्हाई, आसं ठरल्यालं हाय आमचं.

चंद्राबाई : मग आता?

केरबा : आता भाऊसो डायवरला वाट मोकळी दिसनार. सरक. भाऊसो, थांबीव! आरं, इंजान थांबीव!

चंद्राबाई : त्ये हललं, मामा. मागं सरकाय लागलं.

केरबा : माजी शिट्टी तिकडं सांद्यापाशी ऱ्हायली. तू पळ, डायवरापुडं त्यो पटका हलीव. मी डब्याकडं जातो.

चंद्राबाई : आवं डायवरदाजी! मानूस हाय! मधी मानूस हाय! ...थांबलं का, मामा? सांगा की. मला बगवंना.

केरबा : थांबलं.

चंद्राबाई : आन् हे?

केरबा : गप ऱ्हा जरा. आकाराम... आरं आकाराम... तू वाकू नगंस, पोरी. मी बगतो.

चंद्राबाई : बोलत का न्हाईत?

केरबा : आकाराम, व्हय तरी म्हन रं गड्या.

आकाराम : व्हय.

केरबा : भाईर ये आदी. हात दे. लागलं?

आकाराम : बोटाचं कातडं गेलं. डब्याचा बफर छातीला टेकला आन् थांबला, मामा. डोळं मिटून घेतलं व्हतं मी. भाऊसोला पटका दिसला न्हाई व्हय? मी तर टांगला व्हता.

चंद्राबाई : मी काढला.

आकाराम : तू?

चंद्राबाई : अभद्र वाटलं मला. धुवून द्यावा म्हनलं. आन् मीच तुमाला...

आकाराम : रडू नगं. चूक माजी हाय. तुला सांगाय पायजे व्हतं. पर सांगितलं आसतं, तर तू मला हितं कामाला येऊ दिलं नसतंस.

चंद्राबाई : आवं, मानसाच्या जिवाला राखन एका पटक्याची? एक लाल फडकं मिळंना ह्यास्नी?

केरबा : दोन वर्सं बावटं मागतोय. कापाड लढाईला गेलं म्हनत्यात. माजं दोन गडीबी लढाईला गेलं. रूळ बदलायचा सांदाबी मीच वडतो, शिट्टीबी मीच फुकतो. पानी प्यायला आलो, तेवड्यात ह्ये झालं.

चंद्राबाई : चला घरला. भाकरी गार झाली.

आकाराम : पटका दे.

चंद्राबाई : वल्ला हाय. डोस्क्याला बांदू नगा.

आकाराम : डोस्क्याला कुटं बांदतोय. आजून सात डबं जोडायचं हायती.

चंद्राबाई : मग टांगू नगा. माज्याच हातात ऱ्हाऊ द्या. तुमी भाईर येस्तवर मी धरून उबी ऱ्हाते.